वापरून सांगतो

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तीन प्रकारचे कागद लागतात. उद्या पाणी येणार नाही याचे, गाड्या कुठे लावू नयेत याचे, आणि देवरुखकरांचं मत बदलल्याचे.

हा तिसरा कागद मी पहिल्यांदा बघितला तेव्हा ऑफिसातून दमून आले होते आणि लिफ्टची वाट बघत उभी होते. मला वाटलं, कुणीतरी टिंगल केलीय. सुबक टाइपात छापलेलं होतं: 'विजेवर चालणाऱ्या बसबद्दल मी मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये काही जणांना जे मत सांगितलं, ते अपुऱ्या माहितीवर आधारलेलं होतं. नंतर मी त्या बसने हिंडून पाहिलं. सुधारित मत खालीलप्रमाणे.' खाली मत, मताखाली सही आणि सहीखाली 'आवृत्ती दोन'.

सेक्रेटरींनी हरकत घेतली. बोर्ड सोसायटीच्या कामासाठी आहे, कुणाच्या खासगी मतांसाठी नाही, असं त्यांचं म्हणणं. देवरुखकर शांतपणे म्हणाले, "चुकीचं मत मी याच बिल्डिंगमध्ये पसरवलं. दुरुस्ती दुसऱ्या बिल्डिंगमध्ये लावून कसं चालेल?" सेक्रेटरी पेशाने वकील. तरी त्यांनीच टाचण्यांची डबी पुढे केली. तेव्हापासून कागद लागतायत.

सुहास देवरुखकर घणसोलीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. पन्नाशीला टेकलेले, उंच, थोडे पोक काढून चालणारे, बाराही महिने एकाच जातीच्या करड्या टी-शर्टात. सॉफ्टवेअर डेव्हलपर आहेत आणि घरूनच काम करतात. एकटे असतात. त्यांच्याविषयी आमच्या मजल्यावर कुणाला याहून जास्त ठाऊक नव्हतं आणि विचारायची हिंमतही नव्हती, कारण साधं 'कसे आहात' विचारलं तरी ते खरोखर विचार करून उत्तर देतात.

त्यांच्याकडे एक टाइपरायटरसारखा खडखडणारा कीबोर्ड आहे. माउस नाही. 'माउसकडे हात गेला की हातातला विचार खाली पडतो,' हे त्यांचं आजचं मत. 'आजचं मत' हा त्यांचा लाडका शब्द. कुठलीही गोष्ट ते कायमची बोलत नाहीत. दोन प्लस दोन चार, हेही ते आजचं मत म्हणूनच सांगतील अशी मला दाट शंका आहे.

त्यांचा दुसरा लाडका शब्द म्हणजे 'वापरून सांगतो'. लोक त्यांना सारखं काही ना काही विचारत असतात. कुठला फोन घेऊ, मुलीने कोडिंग कुठून शिकावं, पासवर्ड कशात ठेवू. देवरुखकर कधीही तिथल्या तिथे उत्तर देत नाहीत. मी एकदा, माझी अक्कल गहाण पडली होती म्हणून, त्यांना कुठला मिक्सर चांगला असं विचारलं. "वापरून सांगतो," म्हणाले. पुढचे कित्येक दिवस आमच्या मजल्यावर सकाळ-संध्याकाळ चटणी येत होती. खोबऱ्याची, कारळ्याची, लसणाची. प्रत्येक डब्यावर कुठल्या मिक्सरची ती चिठ्ठी. शेवटी एका रविवारी ते दारात आले आणि म्हणाले, "मनीषा, तुमचा जुनाच ठेवा. त्याच्या खालची रबरी चकती झिजलीय, तेवढी बदला." चकती बदलली. तो मिक्सर आजही धडधाकट आहे. त्यांच्याकडचे तिन्ही मिक्सर त्यांनी वाटून टाकले, पण प्रत्येकाला त्यातला दोष नीट समजावून देऊन.

मुलीच्या कोडिंगबद्दल विचारायला खालच्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या, तेव्हा मी तिथेच होते. त्यांना कुठला क्लास, कुठलं पुस्तक, कुठला चॅनल अशी उत्तरं हवी होती. देवरुखकर म्हणाले, "तिला आधी एरर मेसेज पूर्ण वाचायला शिकवा. लोक लाल अक्षरं बघितली की घाबरून बंद करतात. तो बिचारा आपल्याला मदत करायला आलेला असतो. जगात इतकं खरं दुसरं कोणी बोलत नाही." बाई हिरमुसून गेल्या. मी मात्र त्या दिवशी ऑफिसात, विमा कंपनीच्या त्या जुनाट सिस्टिमने दाखवलेला लाल संदेश जन्मात पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. त्यात काय करायचं ते लिहिलेलं होतं. मी वर्षानुवर्षं ते न वाचता आयटीवाल्यांना फोन करत होते.

आता या माणसाची आणि माझ्या बाबांची दोस्ती व्हायचं काही कारण नव्हतं. बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात फिटर होते. मूळचे माणगावकडचे, आवाज खणखणीत, मतं त्याहून खणखणीत. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. बाबा सकाळी पेपर वाचत आणि चहा संपायच्या आत जगातल्या सगळ्या प्रश्नांवर निकाल देऊन मोकळे होत. देवरुखकर पेपर घेत नाहीत. ते आमचाच वाचतात, पण आठवड्याने. "ताजी असताना बातमीत नुसता आवाज असतो," ते म्हणत. "आठवड्याने जे उरतं तेवढंच वाचायचं." त्यामुळे दोघांचे वाद आठवडाभराच्या अंतराने चालत. देवरुखकर दारात येऊन म्हणत, "काका, नव्या विमानतळाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मला पटत नाही." बाबा म्हणत, "मी काय म्हनालो होतो?" मग देवरुखकर आधी बाबांचं मत बाबांना नीट समजावून सांगत, त्याची बाजू भक्कम करत, आणि मग ते खोडून काढत. कितीदा तरी बाबा मध्येच म्हणत, "अरे हे तर बराबर हाय की, कोन बोललं हे?"

यंत्रं माणसांच्या नोकऱ्या खाणार का, यावर ते पावसाळाभर भांडले. बाबांचं म्हणणं, खाणार. कारखान्यात नवीन मशिन आलं तेव्हा त्यांच्या ओळीतली माणसं गेली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. देवरुखकरांचं मत आवृत्ती पाचपर्यंत गेलं. पाचव्या आवृत्तीत एवढंच होतं: 'काकांचं म्हणणं मी आधी ऐकायला हवं होतं.' तो कागद बोर्डावर लागला त्या दिवशी बाबा तीनदा खाली जाऊन आले.

मग बाबांचा काचबिंदू वाढला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही. उजेड कळेल, समोर माणूस आहे हे कळेल, अक्षर नाही. बाबांनी हे कुणाला सांगायचं नाही असं मला बजावलं. "कीव करायला येतात लोकं," ते म्हणाले. "गप्पा मारायला येनाऱ्याला कीव करायला लावू नये." सकाळी पेपर तसाच उघडून बसायचे आणि पान उलटायचे. मी बघायचे आणि काही बोलायचे नाही. देवरुखकरांनाच आधी कळलं. एक दिवस रद्दीचा गठ्ठा हातात घेऊन त्यांनी मला लिफ्टपाशी गाठलं. "मनीषा, या आठवड्याच्या पेपरांवर चहाचा एकही डाग नाही. शब्दकोडंही कोरं आहे. काकांना दिसत नाही का?" मला रडू आलं. त्यांनी तो गठ्ठा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, परत पहिल्या हातात घेतला, आणि जिन्याने निघून गेले.

आता 'दार'बद्दल सांगायला हवं. सोसायटीचा इंटरकॉम बंद पडला तेव्हा गेटवर कोण आलंय ते मोबाइलवर कळावं म्हणून देवरुखकरांनी स्वतः एक अॅप बनवून दिलं, त्याचं नाव 'दार'. गेटवरचा शेषराव पाहुण्याचं नाव त्यात टाकतो, आपला फोन वाजतो, पडद्यावर दोन चित्रं येतात. हिरवी बरोबरची खूण दाबली की गेट उघडतं, लाल फुली दाबली की माणूस परत. साधं, देखणं, कुणाची माहिती कुठे विकत नाही असं. सबंध सोसायटीला त्याचा अभिमान. आमच्या घरासाठी त्यात बाबांचा फोन नंबर दिलेला होता, कारण दिवसभर घरी तेच. फोनमधली वाचून दाखवायची सोय मी त्यांना चालू करून दिली होती. बोट फिरवलं की खाली काय आहे ते फोन बोलतो.

एका दुपारी जवळच्या तळवली गावचे पाटीलकाका आले. पाटीलकाका म्हणजे बाबांच्या शेजारच्या मशिनवर उभी हयात काढलेला माणूस. खाडीत जिताडा मासा मिळाला की आधी बाबांची आठवण काढणारा. त्या दिवशीही हातात जिताड्याची पिशवी होती. शेषरावने नाव टाकलं, वर बाबांचा फोन वाजला, आणि खाली निरोप आला: नको.

मला हे संध्याकाळी शेषरावकडून कळलं. "ताई, वरून नाय आलं. मी परत पन टाकलं, परत नायच आलं. ते काका मग पिशवी घेऊन गेले." मी वर येऊन बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. फोनने नाव वाचलंच नव्हतं; त्यांना वाटत होतं, कुरियरवाला असेल आणि निघून गेला असेल. मी पाटीलकाकांना फोन लावला. "त्यानं नको बोल्लं तं नको," एवढंच म्हणून त्यांनी ठेवला. मी म्हटलं, बाबा, सांगून टाका ना खरं काय ते. बाबा म्हणाले, "सांगू काय? की मला दोन बटनांतलं एक कलत नाय?" आणि त्या दिवसापासून ते गप्प झाले. फोन टेबलाच्या खणात गेला. आयुष्यभर मापात चूक न केलेला फिटर, त्याला आता स्वतःच्या घराचं दार उघडता येत नव्हतं. मला घरात शिरायची भीती वाटू लागली होती.

म्हणून मी देवरुखकरांकडे गेले आणि पाटीलकाकांचा प्रकार सांगितला. म्हटलं, न दिसणाऱ्या माणसाला कुठला फोन चांगला, सांगा. ते नेहमीसारखं म्हणाले, "वापरून सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. म्हणजे पूर्णच, काम चालू ठेवून. फोनच्या काचेवर काळा कागद चिकटवला. त्यांच्या दारापलीकडून कीबोर्डच्या खडखडाटाबरोबर आता कॉम्प्युटरमधल्या एका बाईचा आवाज अखंड यायला लागला, इतका भरभर की शब्द कळू नयेत. सेक्रेटरींच्या बायकोने मला हळूच विचारलं, देवरुखकरांनी लग्न-बिग्न केलं का. मी म्हटलं, केलं असेल तर ती त्यांना बोलू देत नाही एवढं नक्की.

मग ते बाहेरही तसेच वावरायला लागले. डोळ्यांवर पंचा बांधून जिना उतरत, पायऱ्या बोटांनी चाचपत. एकदा लिफ्टमधून दुसऱ्याच मजल्यावर उतरून कुणाच्या तरी दाराला किल्ली लावत बसले. एकदा वाण्याकडून एक नारळ मागवायचा तो पोतंभर आला. चहा ओतताना हात पोळला, त्यावर मी बर्फ लावत होते तेव्हाही पंचा डोळ्यांवरच. मी म्हटलं, "अहो, निदान आता तरी सोडा." म्हणाले, "काकांना सोडता येतो का?" मी बर्फ लावत राहिले. ऑफिसचं काम, स्वयंपाक, आंघोळ, सगळं तसंच. मिक्सरच्या वेळी मी हसले होते. या वेळी मला हसू येईना. हा माणूस आपल्या शेजाऱ्याला एका प्रश्नाचं उत्तर नीट देता यावं म्हणून आंधळा होऊन बसला होता, आणि यात काही विशेष आहे असं त्याच्या गावीही नव्हतं. मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले.

एका रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. पंचा नव्हता. इतक्या दिवसांनी उजेड बघितल्याने डोळे लाल झाले होते, किंवा दुसऱ्याही कारणाने असतील. सरळ बाबांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसले.

"काका, पाटीलकाका आले त्या दिवशी 'दार'ने तुम्हाला काय ऐकवलं?"

बाबा म्हणाले, "बटन. मग बोट सरकवलं, परत बटन. दोनी सारखीच. मला वाटलं, माझंच काय तरी चुकतंय."

"चूक तुमची नव्हती. चित्राला नाव द्यावं लागतं, तर फोन ते वाचतो. मी दोन्ही चित्रांना नावच दिलं नव्हतं, आणि आलेल्या माणसाचं नाव वाचायलाही सांगितलं नव्हतं. काल मी पहिल्यांदा माझंच 'दार' न बघता उघडायला गेलो, तर मलाही तो हेच म्हणाला. बटन, बटन. जगातल्या सगळ्यांच्या अॅपला मी नावं ठेवतो. हे दोन-तीन ओळींचं काम होतं, काका."

बाबांनी हात पुढे करून त्यांचं डोकं चाचपलं.

त्या दिवशी बोर्डावर कागद लागला. त्यावर आवृत्ती वगैरे काही नव्हतं. 'दार या अॅपमध्ये माझी चूक होती. त्यामुळे एका रहिवाशाला भेटायला आलेले गृहस्थ परत गेले. रहिवाशांचा यात काहीही दोष नाही. दुरुस्ती केली आहे.' बाबांचं नाव कुठे नव्हतं, डोळ्यांचा उल्लेख नव्हता.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. वाण्याच्या पलीकडे सहसा न जाणारा हा माणूस चालत तळवलीला गेला. मी सोबत होते, कारण घर मला ठाऊक होतं. पाटीलकाका ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसले होते. देवरुखकर उभ्यानेच म्हणाले, "नको असं काका म्हणाले नाहीत. माझा प्रोग्रॅम म्हणाला. मी माफी मागायला आलोय." आणि मग त्यांनी बटनं, चित्रं, नावं असं सगळं समजावून सांगितलं, फक्त बाबांना दिसत नाही हे वगळून. ते वगळल्यावर त्या सांगण्याला काही अर्थच उरत नव्हता, पण ते नेटाने सांगत राहिले.

पाटीलकाकांनी ऐकून घेतलं. मग जाळं बाजूला ठेवून म्हणाले, "त्याचं डोलं गेलं ते मना कवाच म्हाईत हाय. चा कपाच्या भाईर वततो. मी काय बोल्लो नाय, त्याला बरा नाय वाटनार. मना वाटला, आता मी पन नको झालू."

दोन दिवसांनी पाटीलकाका आले. मी मुद्दाम रजा घेतली होती, पण फोनला हात लावणार नाही असं ठरवून स्वयंपाकघरात उभी राहिले. फोन वाजला. बाबांनी तो दोन्ही हातांत धरला. फोन म्हणाला, 'पाटील आले आहेत.' बाबांचं बोट काचेवरून हळूहळू सरकलं. 'नको, बटन.' बोट घाईने पुढे गेलं. 'येऊ द्या, बटन.' बाबांनी ते दाबलं, आणि दाबल्यावरही बोट तिथेच ठेवून बसले, काका दारात येईपर्यंत. मग दोघं म्हातारे असे काही भांडायला लागले, जिताडा कुणी साफ करायचा यावरून, की मला कढई घेऊन मध्ये पडावं लागलं.

गोष्ट खरं तर इथे संपायला हवी होती. पण त्यानंतर रोज संध्याकाळी बाबांचा फोन वाजायला लागला. 'देवरुखकर आले आहेत. कारण, टेस्टिंग.' बाबा दाबायचे, थोड्या वेळाने देवरुखकर लिफ्टने वर यायचे, आमच्याकडे बसायचे, बाबांनी फोनवरून ऐकलेल्या ताज्या पेपरातल्या बातमीवर त्यांच्याशी भांडायचे आणि समोरच्या आपल्या घरी जायचे. आमचं दार त्यांच्या दारापासून चार पावलांवर. तरी ते रोज खाली उतरून, गेटबाहेर जाऊन, शेषरावकडे नाव लावून यायचे.

महिने गेले. एकदा मी बाबांना म्हटलं, "अजून काय टेस्टिंग चाललंय यांचं? ते तर कधीच नीट झालंय."

"मला म्हाईत हाय," बाबा म्हणाले. "त्यालाबी म्हाईत हाय. इतक्या वर्षांत त्याच्या घरची बेल तू कदी ऐकलीस? मी नाय ऐकली."

मी आठवून बघितलं. चटण्या तेच घेऊन यायचे. मतं तेच खाली जाऊन लावायचे. त्यांच्याकडे कोणी काही विचारायला यायचं, उत्तर घेऊन जायचं. त्यांना भेटायला म्हणून कुणी आलेलं मला आठवलं नाही.

परवा मी ऑफिसातून जरा लवकर सुटले. गेटच्या बाहेर, झाडाखाली देवरुखकर उभे होते, केस विंचरलेले. शेषराव फोनवर त्यांचं नाव टाकत होता.

"सर, तुमी तर हितंच राहता," तो नेहमीसारखं हसून म्हणाला. "कारन काय, टेस्टिंगच लिहू ना?"

देवरुखकरांनी एकदा वर आमच्या खिडकीकडे बघितलं. मी मागे उभी आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "पाहुणा लिही."

शेषरावने लिहिलं. वरून उत्तर यायला जरासा वेळ लागला, तेवढा वेळ ते त्या फोनकडे बघत राहिले, टी-शर्ट खाली ओढत. मग गेट उघडलं. मी त्यांच्याबरोबरच लिफ्टने जाऊ शकले असते. पण गेले नाही. कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीकडे वळले आणि लागत नव्हती तरी मेथीची जुडी निवडून घ्यायला लागले. पाहुणा आधी घरात जाऊन बसू दे, म्हटलं.